गाडी फाट्यावरूनच वळली तर विष्णुपुरी कशी गाठायची?



गेल्या महिन्यापासून आमच्या फाट्यावर एकच विषय चालू आहे. गावात मुक्कामाला येणारी गाडी बंद होणार म्हणे. आज ही गाडी रात्री गावात थांबते, पहाटे साडेपाचला निघते आणि तालुक्यावरून सरळ नांदेडला जाते. नवा बेत असा, की सकाळी साडेआठला तालुक्याहून गाडी येईल आणि फाट्यावरूनच वळून परत जाईल. नांदेडला जायचं तर तालुक्याला उतरून दुसरी गाडी धरायची. लेखी कागद गावाला कुणी दाखवला नाही. वाहकाला विचारलं तर तो म्हणतो, "वरून आलंय." वर म्हणजे कोण, ते त्यालाही ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, तीन तासांचा तर फरक आहे, त्यात एवढं काय? तर ऐका.

आपला जिल्ह्याचा मोठा सरकारी दवाखाना, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, पूर्वी नांदेड शहरात होता. आता तो विष्णुपुरीला आहे. विष्णुपुरी लातूर रोडला, गोदावरीच्या पलीकडं. नांदेडच्या स्टँडपासून आठ-दहा किलोमीटर. किनवटहून नांदेडच सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आणि आपली गावं किनवटच्याही आत डोंगरात. म्हणजे गाडी नांदेडला पोचली तरी आपला प्रवास संपत नाही. उतरा, रिक्षा शोधा, रिक्षावाला म्हणेल तो भाव द्या, मग विष्णुपुरी.

मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाच्या सुनेला सातवा महिना होता. अंगावर सूज आली. आशाताईंनी बघितलं, वर नेऊन तपासा म्हणाल्या. पहाटेची गाडी धरली, अकराच्या आत विष्णुपुरीला कागद निघाला, तपासणी झाली. बाई आणि लेकरू आज दोन्ही घरी आहेत. हीच बाई नव्या वेळेच्या गाडीनं निघाली असती तर दवाखान्यात दुपारी तीनला पोचली असती. तोवर ओपीडी उठलेली. मग रात्र तिथंच व्हरांड्यात काढा, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवा, दुसऱ्या दिवशी परत रांगेत लागा. आपली माणसं काय करतात ते आपल्याला माहीत आहे. "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात. त्या पुढच्या आठवड्यातच माणूस जातो.

आता जमिनीचं बघा. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीनं नाकारला तर 60 दिवसांच्या आत जिल्हा समितीकडं अर्ज करता येतो. हे आपण शिबिरात पाठ केलंय. पण जिल्हा समिती बसते नांदेडला. सुनावणीची वेळ सकाळची असली आणि गाडी दुपारी पोचली तर पुकारा होईल आणि दावेदार हजर नाही असं लिहिलं जाईल. म्हणून म्हणतो, गाडीचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न वेगळे नाहीत.

किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यं नव्यानं पाडली तेव्हा आपण नांदेडला जोडले गेलो आणि जिल्ह्याच्या पार टोकाला पडलो. तो निर्णय आपल्याला विचारून झाला नव्हता. पण टोकाला ठेवलं आहे तर टोकापर्यंत गाडी चालवणं हेही सरकारचं काम आहे.

आता तोट्याचं. गाडी रिकामी धावते, डिझेल निघत नाही, असं सांगतात. तोटा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण एस.टी. महामंडळ ज्या 1950 च्या कायद्यानं चालतं, त्याच्या कलम 18 मध्ये लोकांना पुरेशी, परवडणारी आणि नीट जुळवलेली बससेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य सांगितलं आहे. धंद्याच्या तत्त्वानं चालवा असंही त्याच कायद्यात आहे. दोन्ही आहेत. मग आपल्या फाट्यावर आलं की फक्त दुसरंच कलम का आठवतं?

शिवाय 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना प्रवास फुकट, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. या सवलतीचे पैसे राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात. म्हणजे आमची म्हातारी फुकट बसली तरी तिचं तिकीट सरकारकडून येणं आहे. तिला रिकामी सीट धरू नका. आणि गाडीच बंद केली तर अर्धं तिकीट कशाचं अर्धं? 25 जानेवारी 2025 ला भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं, तेही आपण मुकाट्यानं दिलं. मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत, चांगलंच आहे. पण त्या शाळेच्या वेळेला आणि शाळेच्या वाटेला. आजारी माणूस त्यांच्या भरवशावर नांदेड गाठू शकत नाही.

आता थोडं आपल्या चुकीचंही बोलू. गाडी वीस मिनिटं उशिरा आली की आपण काळीपिवळीत, जीपमध्ये बसतो. मागून येणारी एस.टी. रिकामी जाते आणि वहीत "प्रवासी नाहीत" अशी नोंद होते. मुक्कामाच्या चालक-वाहकाला आपण कधी विचारलं का, बाबा, जेवलास का, झोपायला जागा आहे का? तो गाडीतच डास मारत रात्र काढतो. मग त्यालाही मुक्काम नकोसा होतो. आणि कुठं काही झालं की पहिला दगड एस.टी.वर, ही रीत तर आपण सोडलीच पाहिजे. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप होता, तेव्हा गाडी नसली की काय होतं ते आपण भोगलंय. जीपच्या टपावर बसून बाजार केलाय. चालक-वाहक आपले दुश्मन नाहीत.

तिसरी गोष्ट रस्त्याची. "रस्ता खराब आहे, गाडी आत येत नाही," असं गाडीवाले म्हणतात. बांधकामवाल्यांना विचारलं तर "फॉरेस्टची परवानगी नाही." या चक्रात गावं म्हातारी झाली. साथींनो, वनहक्क कायद्याचं कलम 3(2) काढून वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा 13 कामांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ही अट. आणि शिफारस करायची ग्रामसभेनं. वनखात्यापुढं हात जोडायची गरज नाही, ठराव करायची गरज आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं हे ठराव घ्यावेत असं माझं मत आहे. एक, ग्रामसभेशी बोलल्याशिवाय मुक्कामाची गाडी बंद करू नये, वेळही बदलू नये. दोन, पहाटेची गाडी नांदेडच्या स्टँडवर न संपवता विष्णुपुरीच्या दवाखान्यापर्यंत न्यावी आणि परतीची तिथूनच दुपारी सोडावी. लोहा-लातूरच्या गाड्या त्याच रोडनं जातात, मग आपली एक गाडी गेली तर रस्ता झिजणार नाही. तीन, मुक्कामाच्या चालक-वाहकाला झोपायला खोली, पाणी आणि संडासची सोय गाव करेल. चार, खराब रस्त्याच्या तुकड्यासाठी कलम 3(2) खाली शिफारस.

ठरावाच्या तीन प्रती काढा. एक आगाराला, एक प्रकल्प कार्यालयाला किनवटला, एक कलेक्टरला. प्रत्येकीवर पोच घ्या, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. आणि महिनाभर एक वही ठेवा. पहाटेच्या गाडीत कोण बसलं, कुठं गेलं, कशासाठी गेलं, एवढंच लिहा. त्यांच्या वहीत आपण "प्रवासी नाहीत" आहोत. आपल्या वहीत नावं असतील.

जमिनीचा सातबारा मिळवायला आपण पिढ्या घालवल्या. गाडीच्या वेळेसाठी एक ग्रामसभा घालवायला काय हरकत आहे?

जोहार!