वाघीण विकत मिळत नाही तेव्हा

सदर : फुरसतीचे उद्योग



गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्याने ईदीचे पैसे मोजून माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "अम्मी, यात अजून तीन वाघिणी येतील का?" शेजारची मावशी दचकली. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे कराडात रेल्वेवाल्यांच्या घरी सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगावं लागतं.

लेकाला छोट्या रेल्वेचा नाद लागला तो पुण्यात. तिथे भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या गाड्या तिथे सिग्नल पाहून थांबतात आणि सुटतात. ते पाहून आल्यावर त्याने साठवलेल्या पैशांतून थोडे रूळ घेतले. मग परदेशातल्या मामूंनी एक संच आणला. बंद दारांची, चार चाकांची वाघीण, प्लास्टिकचे सुटे भाग, घरी जोडायची. ती जोडून झाली आणि एका वाघिणीने गाडी होत नाही हे लक्षात आलं. मामूंना फोन केला, तर ते म्हणाले, "तो संच आता निघत नाही."

का निघत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. प्लास्टिकचा संच पोलादी साच्यातून निघतो. साचा बनवायला खर्च मोठा, विक्री थोडी. साचा झिजतो, मालक म्हातारा होतो, कंपनी बुडते. इंग्लंडची एअरफिक्स ही संचांची मोठी कंपनी १९८१ मध्ये आर्थिक संकटात सापडली. पण तिच्या रेल्वे संचांचे साचे पुढे डॅपोल या कंपनीकडे गेले आणि त्यांतले काही संच नव्या नावाने पुन्हा मिळू लागले. म्हणून पहिली गोष्ट ही, की बंद पडलेला संच शोधताना फक्त खोक्यावरचं नाव शोधू नका, तो साचा पुढे कोणाकडे गेला ते विचारा.

आम्हाला मात्र तेवढा धीर नव्हता. इंटरनेटवर एकाने "शेवटचे तीन संच" अशी जाहिरात दिली होती. मी आगाऊ अठराशे रुपये पाठवले. संच आले नाहीत आणि तो माणूस फोन उचलेनासा झाला. ईदीचे पैसे होते ते. लेक काही बोलला नाही, पण दोन दिवस त्याने रुळांना हात लावला नाही. दुर्मिळ वस्तूचा विक्रेता घाई करायला लावतो, तेव्हाच थांबायचं असतं. वस्तू हातात पडल्यावर पैसे, नाहीतर व्यवहार नको.

परदेशातून रीतसर मागवायचं म्हटलं तर कराचा भार आहे. आपल्या सरकारने खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. प्रमाणात बनवलेली मॉडेलंही याच सदरात मोडतात. देशातल्या कारागिरांसाठी ते चांगलं असेल, पण चार वाघिणींसाठी एवढा खर्च म्हणजे आमच्या घरात फिजूलखर्चीच.

अशी सगळी दारं बंद झाली असताना अब्बांनी ती जोडलेली वाघीण हातात घेतली. माझे अब्बा आमच्याकडेच राहतात. वय ब्याऐंशी. तरुणपणी ते आपल्या स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोर बघतात तिथेच धूसर दिसतं, कडेचं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय की हे वाढत जाणार. त्यांनी वाघिणीच्या दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही आपली नाही. हिची कडी कुठंय?"

लेक म्हणाला, "नाना, ही इंग्लंडची आहे."

"मग तिकडं चालव. आपली लहान होती. मीटर गेजची."

त्यांचं बरोबर होतं. पुणे–मिरज मार्ग १९७० च्या सुमारास रुंद झाला. त्याआधी इथे एक मीटर रुंदीच्या रुळांवरून गाड्या धावत. ओगलेवाडीत १९१६ पासून काचेचा कारखाना होता. तिथल्या प्रभाकर कंदिलांच्या पेट्या आणि गुळाचे रवे अब्बांनी त्या लहान वाघिणींत चढवले. पुढे मुंबईकडे जाणारा माल पुण्यात उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागे, कारण तिथून रूळ रुंद. रुंदीकरणानंतर लहान वाघिणी इथून गेल्या. पुढे देशभर चार चाकांच्या वाघिणीच मागे पडल्या आणि आठ चाकांच्या लांब वाघिणी आल्या. म्हणजे बंद झालेला संच आम्ही शोधत होतो, आणि खरी वाघीण तर त्याच्या आधीच बंद झाली होती. आपल्या मीटर गेजच्या वाघिणीचा संच कोणत्याच दुकानात दिसला नाही.

त्या रात्री लेक वहीत आकडेमोड करत बसला. त्याने काढलेला हिशेब इथे देते, कारण याच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

छोट्या रेल्वेचे सर्वांत सहज मिळणारे रूळ आतून १६.५ मिलिमीटर रुंद असतात. मीटर गेज म्हणजे १००० मिलिमीटर. १००० ला १६.५ ने भागलं की साठाच्या जरा वर उत्तर येतं. म्हणजे वाघीण खऱ्याच्या साठाव्या भागाएवढी केली, तर घरातले तेच रूळ आणि तीच चाकं मीटर गेज ठरतात! ही युक्ती नवी नाही. न्यूझीलंडमध्ये खरे रूळ १०६७ मिलिमीटरचे आहेत. तिथले छंदवाले चौसष्टावा भाग धरून याच १६.५ च्या रुळांवर आपल्या देशाच्या गाड्या चालवतात. त्यांनाही तयार संच फारसे मिळत नसत, म्हणून त्यांनी प्रमाणच आपल्या सोयीचं निवडलं. साठाव्या भागाची वाघीण जरा मोठी होते. अब्बांच्या बोटांना ते बरंच झालं.

आता मापं कुठून आणायची? अब्बांच्या पेटीत एक फोटो आहे. रुळांशेजारी खडीवर, वाघिणीला पाठ टेकून ते उभे आहेत. फोटो अगदी समोरून काढलेला आहे. अब्बांची उंची साडेसोळाशे मिलिमीटर, फोटोत ते बावीस मिलिमीटर. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर खऱ्यात पंचाहत्तर. दार फोटोत चोवीस मिलिमीटर, म्हणजे खरं अठराशे, म्हणजे आमच्या वाघिणीत तीस. अशी एकेक माप काढली. अब्बा आमची मोजपट्टी झाले. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. माणूस वाघिणीला चिकटून उभा असेल तरच हा हिशेब चालतो. तो चार पावलं पुढे असेल तर मापं चुकतात. फोटो तिरका असेल तर उंची मिळते, लांबी फसवते.

बनवण्याचं सामान घरचंच. निकाहाच्या जाड पत्रिका आमच्याकडे ढिगाने असतात. दोन थर फेविकॉलने चिकटवून, वजनाखाली रात्रभर दाबून ठेवले की पक्का पुठ्ठा होतो. रिव्हेट दाखवायला कागदाच्या मागच्या बाजूने रिकाम्या रिफिलच्या टोकाने ठिपके दाबायचे. कापायला नवं ब्लेड आणि स्टीलची पट्टी, आणि कापणारा मोठा माणूस. कृष्णा-कोयनेच्या काठची पावसाळी हवा पुठ्ठ्याला वाकवते, म्हणून आतून-बाहेरून दोन्हीकडे पॉलिश द्यायचं. एकाच बाजूला दिलं की भिंत पापडासारखी वळते. हे आम्ही एक वाघीण वाया घालवून शिकलो. पॉलिश आणि रंग गच्चीवर, मोकळ्या हवेत लावा.

चाकं मात्र घरी करू नका. ती नेमकी गोल आणि नेमक्या अंतरावर नसली तर गाडी रुळांवर टिकत नाही. उरलेले पैसे आम्ही चाकांवरच घातले. सुट्या चाकांच्या जोड्या मिळतात आणि पूर्ण संचापेक्षा खूप स्वस्त पडतात. पत्र्याच्या पट्टीला खिळ्याने बारीक खळगा पाडून त्यात आसाची टोकं बसवली. एक आस पक्का, दुसरा किंचित झुलता ठेवला, म्हणजे रूळ थोडा वर-खाली असला तरी चारही चाकं टेकतात. तळाशी दोन लोखंडी नट चिकटवले, कारण हलकी वाघीण वळणावर पडते.

ज्यांना पुठ्ठा जमत नाही त्यांच्यासाठी थ्रीडी छपाई आहे. मोठ्या शहरांत पैसे घेऊन छापून देतात, इंजिनियरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळांतही असं यंत्र असतं. तारेच्या यंत्रातून काढलेल्या भागावर थरांच्या रेघा दिसतात, त्या घासाव्या लागतात. कडी, साखळी असे बारीक भाग राळेच्या यंत्रात चांगले येतात. आणखी एक रस्ता मंडळांचा. ब्रिटनमध्ये तीन मिलिमीटर प्रमाणाच्या गाड्या कंपनीने बनवणं थांबवलं, तेव्हा त्या छंदाच्या लोकांनी सोसायटी काढली आणि सभासदांसाठी सुटे भाग स्वतः बनवून घेऊ लागले. आपल्याकडेही चार घरं एकत्र आली तर चाकं एकदम मागवता येतील.

लेकाने एकदा विचारलं, "मामूंच्या वाघिणीचा रबरी साचा काढून तिच्याच प्रती पाडू आणि विकूया का?" अब्बा म्हणाले, "आपल्यापुरती एक पाड. विकायचा हक्क ज्याने साचा केला त्याचा." विषय तिथेच संपला.

पहिल्या वाघिणीला तीन आठवडे लागले. असरनंतर अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसत आणि लेक भाग त्यांच्या हातात देई. त्यांनी दाराची कडी तीनदा बदलायला लावली. "एवढी वर नव्हती. हात वर करावा लागला नाही मला कधी." डोळ्यांना न दिसणारी चूक त्यांच्या खांद्याला आठवत होती. चौथ्यांदा त्यांनी बोटाने कडी चाचपली, मान हलवली आणि वाघीण मांडीवर ठेवून बसून राहिले.

शेवटी उरला क्रमांक. फोटोत तो पुसट आहे आणि अब्बांना आठवत नाही. लेकाला कुठलाही आकडा घालायचा होता. अब्बा म्हणाले, "खोटा नको." म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे. दुसरी वाघीण आता अर्धी झाली आहे, पावसाळ्याआधी तिसरीही इन्शाअल्लाह होईल.

तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंत कुणी रेल्वेच्या डब्याशेजारी, बैलगाडीशेजारी, एसटीच्या लाल गाडीशेजारी उभं असेल, तर तो फोटो बाहेर काढा. त्या माणसाची उंची घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा. पुढे कधी कुणाला ती गाडी बनवावीशी वाटली, तर तेवढ्या मापावर काम सुरू करता येईल.