कारण सापडल्याशिवाय काढा नको



शरद ऋतू लागला की आपल्या वैद्यांकडे विरेचन आणि रक्तमोक्षणासाठी त्वचारोग्यांची रीघ लागते. जागतिक सोरायसिस दिनही याच काळात, २९ ऑक्टोबरला येतो. अशा वेळी 'रोग मुळापासून घालवू' असे आश्वासन आपण सहज देऊन बसतो. मात्र ते देणाऱ्याला या रुग्णाचे मूळ कोणते, हेही सांगता आले पाहिजे. चट्टा दिसला की मंजिष्ठा आणि आरोग्यवर्धिनी लिहून देणे ही चिकित्सा नव्हे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय पुन्हा वाचावा. तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसीका ही चार दूष्ये यांच्या दुष्टीतून अठरा कुष्ठे सांगण्यापूर्वी आचार्य हेतू सांगतात: विरुद्ध अन्न, उलटीचा वेग अडवणे, अजीर्ण असताना जेवणे, उन्हातून येताच थंड पाणी पिणे, दिवसा झोपणे. आपल्या केसपेपरवर यांपैकी किती प्रश्नांची उत्तरे असतात?

हेतूंचा शोध आजच्या ज्ञानानेही घ्यावा. मुलाच्या अंगावर अचानक थेंबांसारखे चट्टे उठले, तर आदल्या काही आठवड्यांत घसा दुखला होता का, हे विचारा. बीटा-ब्लॉकर किंवा लिथियमने सोरायसिस चिघळू शकतो, म्हणून चालू गोळ्या पाहा. मानेवरची काळी, मखमली जाड त्वचा दिसली की साखर तपासा. पुरळ नसताना अंगभर खाज असेल, तर यकृत, वृक्क आणि थायरॉइडच्या तपासण्या हव्यात. सोरायसिसच्या रुग्णाचे सांधे सकाळी आखडत असतील, तर संधिवाताचा विचार लगेच करा.

सगळेच आतून येते, हा हट्टही नको. घरभर पसरलेला गजकर्ण बुरशीचा संसर्ग आहे. तिथे सर्वांवर एकाच वेळी उपचार आणि वेगळे टॉवेल लागतात. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तो अधिक चिवट होतो. मात्र सोरायसिसमध्ये पोटात चालू असलेले स्टेरॉइड 'आता आयुर्वेद सुरू झाला' म्हणून एकदम तोडू नका. त्वचा सर्वांगी लाल होऊन सोलवटू शकते, पूयुक्त फोड येऊ शकतात, जीवही धोक्यात येतो. त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून मात्रा हळूहळू उतरवा.

शोधनाबाबतही घाई नसावी. वाग्भटांनी कुष्ठात वमन पंधरवड्याने, विरेचन महिन्याने आणि रक्तमोक्षण सहा महिन्यांनी सांगितले आहे. दोष एकदम न काढता, बळ राखून थोडे थोडे काढायचे, हा त्यामागचा विचार. सात दिवसांच्या पॅकेजमध्ये तो बसत नाही.

म्हणून एक विनंती. या अंकापासून त्वचारोगांच्या रुग्णवृत्तांसाठी आम्ही जागा राखत आहोत. हेतू, तपासण्या, आधीची औषधे, उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि किमान वर्षभराचा पाठपुरावा पाठवा. हेतू बंद केल्यावर काय बदलले, ते वेगळे लिहा. गुण न आलेल्या रुग्णांची नोंदही तितक्याच तपशिलाने हवी. आपले निदान कुठे चुकते, हे त्यांच्यावरूनच कळेल.