जॅकेट अंगात, नाव यादीत, मगच बोटीत पाय



नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. सकाळच्या लोकलने सीएसएमटी गाठायची, तिथून गेटवे आणि मिळेल त्या बोटीने घारापुरी किंवा मांडवा, असे बेत कर्जत-खालापूरच्या घराघरांत शिजत असतील. काहींच्या मनात मुंबई-गोवा क्रूझही असेल. जरूर जा. पण निघण्याआधी हे वाचा आणि घरातल्यांना वाचून दाखवा.

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला होता. 15 जीव गेले. टक्कर झाली यात प्रवाशांचा काहीच दोष नव्हता. पण परवानगी 84 प्रवाशांची असताना बोटीवर माणसं शंभराच्या पुढे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. सात वर्षांच्या एका मुलाचा शोध तर तीन दिवस चालला.

आपल्या रायगड जिल्ह्याला हे दुःख नवं नाही. 17 जुलै 1947 रोजी गटारीसाठी गावी निघालेली माणसं घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बिनतिकीट चढलेलेही होते, त्यामुळे नेमका आकडा आजही ठामपणे सांगता येत नाही. किती घरांनी आपलं माणूस त्या बोटीवर होतं की नव्हतं, याचाच शोध घेतला असेल!

म्हणून कळकळीची विनंती आहे. सुटत्या बोटीत उडी मारू नका. बोट भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहा. जॅकेट मागून घ्या आणि बोट धक्क्याला असतानाच घालून पट्टे आवळा. छताला दोरीने जखडलेल्या जॅकेटची गाठ बुडत्या बोटीत सुटत नाही. लहान मुलाला त्याच्याच मापाचं हवं. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली निसटतं. जॅकेट देत नसतील तर उतरा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. उल्हास-पाताळगंगेत पोहणाऱ्या आपल्या पोरांनाही हेच सांगा. खाडीचा ओढा वेगळा असतो.

मार्च 2020 मध्ये मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली तेव्हा सर्व 88 जण वाचले, कारण पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती. दर वेळी ती जवळ असेलच असं नाही.

बोटीत चढण्याआधी बॅगांच्या तपासणीला वेळ लागतो म्हणून पोलिसांशी हुज्जत घालू नका. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या शेखाडीला उतरलं होतं. 2008 च्या मुंबई हल्ल्याचे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. बॅग उघडून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

क्रूझवाल्यांना आणखी एक सांगणं. ‘एक केबिन कॅन्सल झालंय, आत्ताच पैसे टाका’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला तर थांबा. थेट कंपनीकडे चौकशी करा. दुसऱ्याच्या नावावरच्या तिकिटावर तर मुळीच जाऊ नका. ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर टर्मिनलवरूनच परत यावं लागेल. आणि तसेच आत शिरलात आणि समुद्रात काही घडलंच, तर यादीत तुमचं नाव नसेलच. फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर कळवा.

निघताना बोटीचं नाव आणि सुटायची वेळ घरी फोन करून सांगा. तटरक्षक दलाचा 1554 आणि पोलिसांचा 112, हे दोन्ही नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.