बॉयलरची टाळेबंदी

जानेवारीतली सकाळ. इंग्लंडात लीड्सला ऑनसाइट येऊन मला जेमतेम तीन महिने झालेले. बाहेर उणे पाच, नळाला बर्फासारखं पाणी आणि नऊला क्लायंट मीटिंग! किचनमधल्या बॉयलरवर लाल दिवा आणि एकच शब्द : लॉकआउट.

रिसेट दाबलं. टिक-टिक-टिक... गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. पुण्यात आमचा गॅस गिझर असाच रुसायचा. बाबा सेल बदलायचे की स्वारी खूश! पाचव्यांदा बोट पुढे गेलं, तेवढ्यात आईचा फोन. "गॅसशी खेळू नकोस गं. का पेटत नाही ते बघ आधी."

मग निमूट मॅन्युअल उघडलं. बॉयलर आधी पंखा फिरवतो, मग ठिणगी पाडतो आणि गॅस सोडतो. ज्योत लागली की तिच्यातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो. तो काही सेकंदांत जाणवला नाही, तर गॅस बंद. दोन-चार प्रयत्न फसले की टाळेबंदी! म्हणजे तो बिघडलेला नसतोही. न जळलेला गॅस घरात साचू नये, म्हणून हटून बसलेला असतो. आणि मी त्यालाच पुन्हा पुन्हा ढोसत होते!

शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. बॉयलरमधून मात्र गुडगुड आवाज. इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवलेले बहुतेक बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे. धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते प्लॅस्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. कडाक्याच्या थंडीत तो पाइप गोठतो, पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर संप पुकारतो.

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, बाहेरच्या पाइपवर कोमट पाणी ओत, उकळतं नको. तीन जग ओतले, एकदाच रिसेट दाबलं... भुर्रर्र! निळी ज्योत!

तरीही पेटला नसता तर? कव्हर उघडायचं नाही, गॅस सेफ रजिस्टरमधला इंजिनिअर बोलवायचा. भाड्याच्या घरात ती जबाबदारी मालकाचीच. आणि गॅसचा वास आला, तर रिसेटच काय, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि ०८०० १११ ९९९ ला फोन.

मीटिंगला दहा मिनिटं उशीर झाला. बॉस रुसला. त्याला रिसेट बटण नाही, हाच प्रॉब्लेम!