सेवेचे श्रेयांक आणि गावाची सही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत ‘समुदाय सहभाग’ या नावाचा एक नवा रकाना उघडला गेला आहे. गावात किंवा वस्तीत जाऊन केलेले काम ही आजवर अभ्यासाबाहेरची हौस समजली जात होती. आता त्या कामाला श्रेयांक आहेत आणि ते श्रेयांक पदवीच्या बेरजेत धरले जातात. क्षेत्रकामात एक श्रेयांक म्हणजे तीस तास असा हिशेब आहे. हे तास विद्यार्थी भरतील, प्राध्यापक तपासतील आणि विद्यापीठ गुणपत्रिकेवर त्यांची नोंद करील, यात शंका नाही. ज्या गावात हे तास खर्ची पडणार, त्या गावाचा या व्यवहारात काय अधिकार, हा प्रश्न मात्र अजून कोणी गंभीरपणे विचारलेला दिसत नाही.

सेवा आणि पदवी यांची सांगड घालण्याचा विचार नवा नाही. विद्यार्थ्यांच्या श्रमसेवेची चर्चा स्वातंत्र्यानंतर लगेचच, राधाकृष्णन आयोगापासून सुरू झाली. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तर त्याच्याही पुढे जाऊन, शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक तरुणाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, असे सुचविले. ती सूचना खर्चाच्या आणि सक्तीच्या भीतीने मागे पडली. पुढे कोठारी आयोगाने पुन्हा तोच धागा उचलला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची चौकट आज महाविद्यालयीन जगात सर्वांच्या परिचयाची आहे.

श्रेयांकांच्या कल्पनेवर पहिला आक्षेप घेतला जातो तो नैतिक स्वरूपाचा. मोबदल्यासाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे, गुणांच्या लोभाने हाती घेतलेला झाडू मनाचा मळ काढीत नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप ऐकायला उदात्त वाटतो. पण तो टिकणारा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेचे रोप लावले आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही रीत रूढ केली. त्यात श्रमाच्या बदल्यात शिक्षण हा सौदा उघड होता. त्या उघडपणामुळे श्रमाची किंमत घटली नाही, वाढली. कामाचे मोल मिळणे हे कामाला हीन करीत नाही. न केलेल्या कामाचे मोल मिळणे मात्र निश्चितच हीन करते. म्हणून मोबदला असावा की नसावा या वादात शक्ती घालविण्याऐवजी, मोबदला कशाच्या बदल्यात, हे पाहणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेली आणि आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था असो, किंवा पुण्यातील १९६३ ची कर्वे समाजसेवा संस्था असो; समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात क्षेत्रकार्य हा लेखी परीक्षेइतकाच बंधनकारक भाग मानला गेला आहे. तेथे विद्यार्थी अहवाल लिहितो, पर्यवेक्षक तो वाचतो, चुका दाखवितो आणि विद्यार्थी पुन्हा त्याच वस्तीत, त्याच माणसांकडे जातो. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. प्रारंभी तेथे मुक्काम होतो, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि पुढेही त्या घरांत त्याचे जाणे-येणे राहते. पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट या संस्थेने १९९० च्या दशकात घातली होती. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ तर आता खेड्यांना नवीन राहिलेले नाहीत. या तिन्ही उदाहरणांत तासांच्या संख्येपेक्षा ओळखीला महत्त्व आहे. विद्यार्थ्याला घर ठाऊक असते आणि घराला विद्यार्थी.

नव्या श्रेयांकांची कसोटी एखाद्या साध्या गावाला लावून पाहावी. पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले की डाळज लागते. सरकारी दप्तरात ते एक, दोन आणि तीन अशा क्रमांकांनी नोंदलेले आहे. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा, अशी ही भूमी आहे. हिवाळ्यात याच फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला शहरातून गाड्या येतात. पण त्याच पाण्यात भीमेच्या वाटेने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. परिसरात ऊस आहे, मासेमारी आहे, अति पाण्याने जमिनी क्षारपड होण्याची भीती आहे आणि गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी मजुरांच्या कोपी आहेत. अशा परिसरात साठ तासांत करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील, तर उत्तर साठ वर्षे पुरेल इतके आहे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ठरावीक विहिरींचे पाणी दर ऋतूत तपासून क्षारांची नोंद ठेवावी. मराठी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी धरणापूर्वीच्या गावाच्या, शिवाराच्या, देवळांच्या आणि वाटांच्या आठवणी, त्या सांगणारी पिढी आहे तोवर लिहून घ्याव्यात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी बचत गटांच्या हिशेबाच्या वह्या लावून द्याव्यात. कोपीवरील मुलांची यादी करून, त्यांपैकी किती शाळेत पोहोचली आणि किती नाही, हे दर हंगामात शिक्षकांच्या हाती ठेवावे. यांतील एकही काम दिखाऊ नाही; पण एकही काम एका सत्रात संपणारे नाही.

सध्याच्या व्यवस्थेची दुखरी जागा हीच आहे. सत्र बदलते, तुकडी बदलते, गाव बदलते. पहिली तुकडी सर्वेक्षण करते आणि अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो. दुसरी तुकडी तेच प्रश्न घेऊन तीच दारे ठोठावते. ग्रामस्थ चहा देतात, उत्तरे देतात आणि त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे त्यांना कधीच कळत नाही. छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्रे छापली जातात, तास भरतात. जमिनीचा क्षार आणि पाण्याचा वास होता तेथेच राहतो. अशा कामाला श्रेयांक देणे म्हणजे खेड्याच्या सौजन्यावर शहाण्यांनी पदवी मिळविणे होय.

यावर उपाय अवघड नाही. महाविद्यालयाने किमान पाच वर्षे एकाच गावाशी करार करावा आणि प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीची वही पुढे चालवावी. कामाचा विषय ग्रामपंचायतीशी बोलून ठरावा. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आपला अहवाल सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या ग्रामसभांच्या रूढ तारखा शैक्षणिक वर्षाला गैरसोयीच्या नाहीत. अहवालाची एक प्रत पंचायतीच्या दप्तरात राहावी, इतिवृत्तात तिची नोंद व्हावी आणि ती नोंद झाल्याखेरीज श्रेयांक मिळू नयेत. राजकारण आणि भाऊबंदकी यांचा शिरकाव होईल, हे भय अगदीच खोटे नाही. म्हणूनच गुण देण्याचे काम शिक्षकाकडेच असावे. काम झाले की नाही, एवढे सांगण्याचा हक्क मात्र गावाचा असावा.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागेल. पहिली शिक्षकांची. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचे क्षेत्रकाम नीट पाहणे हे तासिका घेण्याइतकेच कष्टाचे काम आहे. ते कार्यभारात धरले नाही, तर खोट्या हजेरीचा दोष एकट्या विद्यार्थ्याला देता येणार नाही. दुसरी काळजी गरीब विद्यार्थ्याची. बारामती, इंदापूर, भिगवणच्या महाविद्यालयांत सकाळच्या एस. टी.ने येणारा मुलगा खेड्यातूनच येतो आणि दुपारी परतून गोठ्यात किंवा दुकानात राबतो. त्याला ‘ग्रामीण जीवनाचा परिचय’ करून देण्यासाठी दुसऱ्या खेड्यात पाठविणे हा विनोद ठरेल. आपल्याच गावात, आपल्या सवडीच्या वेळी काम करण्याची त्याला मुभा हवी; आणि घरच्या कामाच्या अनुभवातून आलेले त्याचे ज्ञान अहवालात ग्राह्य मानले गेले पाहिजे.

पदवीदानाच्या दिवशी प्रमाणपत्रावर कुलगुरूंची सही असते आणि ती असावीच. परंतु सेवेच्या नावाने मिळविलेल्या श्रेयांकांमागे आणखी एक सही लागते. डाळजसारख्या गावाच्या ग्रामसभेने ‘या मुलांनी आमचे काम केले’ असे इतिवृत्तात लिहिले, तरच त्या तासांना सेवा म्हणता येईल. एरवी ती केवळ हजेरी होय.