पालवर्ल्ड: पाल पकडताना गोळा फेकायचा, मग बाहेर काढताना का नाही?

'पालवर्ल्ड'मध्ये जेट्रागॉन पकडायचा म्हणजे घाम निघतो. त्याला मारायचं नाही, अर्धमेला करायचं आणि मग गोळा फेकायचा. वाद नेमका इथेच आहे. सप्टेंबर 2024 मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या न्यायालयात पॉकेटपेअरवर दावा ठोकला. दावा कॉपीराइटचा नाही, पेटंटचा. म्हणजे पाल पोकेमॉनसारखे दिसतात का, हा मुद्दाच नाही (सोशल मीडियावर मात्र सगळे त्यावरच भांडले). प्रश्न आहे खेळण्याच्या पद्धतीचा.

मागितलेली भरपाई दोघांची मिळून 1 कोटी येन आणि वर विलंबाची रक्कम. एवढ्या मोठ्या कंपन्यांसाठी ही चिल्लरच. खरा फटका खेळणाऱ्यांना बसला. नोव्हेंबर 2024 च्या अपडेटपासून गोळा फेकून पाल बाहेर काढता येत नाही, तो थेट तुमच्या बाजूला उभा राहतो. बदल खटल्यामुळेच केला, हे पॉकेटपेअरने मे 2025 मध्ये मान्य केलं. त्याच महिन्यात पालला धरून हवेत तरंगणंही बंद झालं. आता त्यासाठी वेगळं ग्लायडर लागतं.