लहानग्याच्या पायात बूट कोणता?



दिवाळी सरली, भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या. ज्या खाचरांत वाल टाकायचे त्यांत ते टाकून झाले आणि उरलेली मोकळी शेते पोरांच्या ताब्यात गेली. आपल्या रायगडात पोराने मातीत उतरायचे ते कबड्डीसाठी, नाहीतर चेंडूफळीसाठी, हा जुना शिरस्ता. आता त्यात फुटबॉलची भर पडली आहे. २०१७ साली नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. त्या स्पर्धेत भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही त्याच मैदानावर झाला. मोठ्यांचा खेळ घरात दिसू लागला की धाकटीही लाथ मारायला शिकतात. खेळ चांगलाच आहे. प्रश्न येतो तो पायात काय घालावे याचा.

रोह्याजवळच्या एका वाडीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुंबईला नोकरीस असलेल्या धाकट्या दिरांनी दिवाळीला येताना तीन वर्षांच्या पुतण्यासाठी खास फुटबॉलचे, तळाला स्टडची बोंडे असलेले बूट आणले. तेही वाढत्या अंगाचे, म्हणजे दोन नंबर मोठे. पोर ते घालून अंगणात दोनदा पडले, एकदा ओठ फुटला. सासूबाई म्हणतात, "पुढे कापूस कोंबा, सवय होईल." यजमान म्हणतात, "एवढ्या पैशांचे बूट काय माळ्यावर टाकायचे?" भगिनी लिहिते, "पोराला खेळू द्यायचे आहे, भाऊजींचे मन मोडायचे नाही, आणि पोराचा पायही बिघडवायचा नाही. काय करू?" पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "सहा वर्षांच्या थोरलीला बूट नाहीत, ती अनवाणीच खेळते."

या भगिनीला उत्तर देता देता सर्वांच्याच उपयोगाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पाचाच्या आतल्या मुलाला स्टडच्या बुटांची मुळीच गरज नाही. ही बोंडे असतात गवताच्या मऊ जमिनीत रुतण्यासाठी. धावणाऱ्या मोठ्या माणसाच्या वजनाने ती जमिनीत जातात, पकड धरतात आणि पाय घसरत नाही. तीन वर्षांच्या पोराचे वजन ते किती? बारा-चौदा किलो. त्यातून आपली भाताची जमीन. पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ, पण पाणी हटले की भेगाळून विटेसारखी टणक होते. त्या जमिनीत ती बोंडे रुतत नाहीत. मग पोर गोट्यांवर उभे राहावे तसे त्या बोंडांवर उभे राहते. पाऊल डुगडुगते, घोटा मुरगळतो. फरशीवर किंवा कोब्यावर तर ते हमखास घसरते. तेव्हा ते पोर पडले यात त्याचा दोष नाही, आणि याची सवयही होणार नाही.

दुसरी गोष्ट पायाच्या घडणीची. मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. लहान मुलाच्या पावलात त्यांतली बरीचशी अजून पुरती हाडे झालेली नसतात, कोवळ्या कुर्चेची असतात. कोवळी वेल जिकडे वळवावी तिकडे वळते, तसेच हे. अरुंद बुटात चवडा आवळला तर पोराला दुखेलच असे नाही, ते तक्रार करणार नाही, पण बोटे एकमेकांवर चढू लागतात. सैल बुटात पोर बूट निसटू नये म्हणून बोटे आखडून चालते आणि अडखळते. कापूस कोंबल्याने बूट मापाचा होत नाही. पाऊल बुटात मागेपुढे सरकतच राहते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, बाह्या दुमडता येतात. वाढत्या अंगाचा बूट चालत नाही.

मग अनवाणीच बरे का? आपल्या देशात फुटबॉल अनवाणीच वाढला. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचा एकच खेळाडू बूट घालून होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक गडी अनवाणी उतरले आणि फ्रान्सशी १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आज तर खेळाच्या नियमातच पादत्राण सक्तीचे आहे. पण तो नियम सामने खेळणाऱ्यांसाठी. अंगणात चेंडूमागे धावणाऱ्या बाळासाठी नव्हे.

उलट, अनवाणी चालण्याचा फायदाच आहे. कर्नाटकातील मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. ही पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावले शेकडा ८.६ आढळली, अनवाणी फिरणाऱ्यांत शेकडा २.८. सपाती-चपला वापरणाऱ्यांपेक्षा बंद बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होते. म्हणजे तळव्याची कमान घडते ती पायाला मोकळे काम मिळाल्याने. तेव्हा सारवलेल्या अंगणात, ओटीवर, झाडून घेतलेल्या खळ्यावर पोर अनवाणी खेळले तर हळहळू नका.

मात्र अंगण निराळे आणि शेत निराळे. कापणीनंतरची भाताची धसकटे तळव्यात सुरीसारखी घुसतात. बांधावर बाभळी-बोरीचे काटे, गोठ्यापाशी खिळे आणि पत्र्याचे तुकडे. ओल्या घाणेरड्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात, पुढे आतड्यात बसून रक्त शोषतात आणि पोर पांढरेफटक पडते. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पायावरच्या बारीक जखमेवाटे लेप्टोचा ताप येतो. म्हणून शेतात, गोठ्यात, संडासाला आणि चिखलात पायात काहीतरी हवेच. धनुर्वाताच्या लशीचे डोस, दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर धरून, पुरे झाले आहेत का ते कार्डावर पाहून घ्या. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत मिळणारी गोळीही चुकवू नका.

आता बूट घ्यायचाच तर कसा घ्यावा?

माप आधी घरी घ्या. कॅलेंडरचे जुने पान पाठकोरे भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. पोराला टाच भिंतीला लावून त्यावर सरळ उभे करा. बसवून माप घेऊ नये, कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबते आणि पसरते. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. लांब बोट अंगठाच असते असे नाही, पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे असते. दोन्ही पावले मापा. एक किंचित मोठे निघेल, ते धरून चाला. माप संध्याकाळी घ्यावे, दिवसभराच्या हिंडण्याने पाय थोडा फुगलेला असतो.

रोह्याच्या बाजारात पोराला नेणे दर वेळी जमत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. झाडूची एक हीर घ्या. मोठ्या पावलाच्या लांबीत एक सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या करंगळीची रुंदी, मिळवून तेवढी हीर कापा आणि पदराच्या गाठीला बांधून न्या. दुकानात ती बुटाच्या आत टाचेपासून पुढपर्यंत घाला. हीर वाकली तर बूट आखूड. पुढे बोटभर जागा उरली तर मोठा. नीट बसली तर मापाचा. बुटावरच्या नंबराच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या विलायती पद्धतीत एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा असतो. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. युरोपच्या नंबरांत हाच फरक पाऊण सेंटीमीटरहून कमी असतो. एकाच पायाला दोन कंपन्यांचे दोन नंबर लागतात ते असे. हीर मात्र खोटे बोलत नाही.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याशी सहज वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. टाचेची बाजू चिमटीत दाबा, ती घट्ट असावी. तळ सपाट, रबरी, बारीक खाचांचा असावा. पुढचा भाग रुंद असावा, बोटे आत हलली पाहिजेत. पोराला आपण होऊन घालता यावा म्हणून चिकटपट्टीचा बंद नाडीपेक्षा बरा. आणल्यावर पंधरा-वीस मिनिटे घरातच घालून फिरू द्या आणि मग पाऊल पाहा. लाल वळ उठले असतील तर बूट परत करा. म्हणून पावती जपून ठेवा आणि तोवर बूट मातीत नेऊ नका.

असा एक साधा कापडी किंवा रबरी तळाचा बूट खेळाला, जत्रेला, अंगणवाडीला, सगळ्याला पुरतो. तीन वर्षांपर्यंत पाऊल झपाट्याने वाढते, म्हणून दर तीन महिन्यांनी हीर लावून पाहा. पुढे सहा वर्षांपर्यंत चार-पाच महिन्यांनी पाहिले तरी चालेल. बूट महाग नसला तरी चालेल, पण आखूड झाल्यावर तो एक आठवडाही घालू नये. थोरल्याचा बूट धाकट्याला देताना तळ पाहा. एका बाजूने झिजला असेल तर देऊ नका, थोरल्याच्या चालण्याची वळणे धाकट्याच्या पायाला लागतात.

स्टडचे बूट केव्हा? मूल सहा-सात वर्षांचे झाले, गवताच्या मैदानावर नेमाने खेळू लागले, शिकवणारे कोणी भेटले, तेव्हा. तेव्हाही रबराची, आखूड, पुष्कळ बोंडांची जात घ्यावी. कडक जमिनीवर तीच बरी. धातूची टोके लहान मुलांना नकोत, दुसऱ्याच्या नडगीला इजा होते.

बुटांची निगा आपल्या कोकणात निराळी. भिजलेले बूट चुलीपाशी ठेवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून सावलीत वाळवा. आणि घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटे करून झटका. अंधारी, उबदार जागा विंचवाला आवडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर वर्षानुवर्षे काम केले आणि प्राझोसिन या औषधाने जीव कसे वाचतात ते दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. औषध आहे हे खरे, पण लहान पोराला विंचू चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा लागतो. बूट झटकायला एक क्षण लागतो.

आणखी एक शंका नेहमी येते. लहान मुलाचे पाऊल सपाट दिसले तर घाबरू नका. तीन-चार वर्षांपर्यंत ते सपाटच दिसते. पोराला चवड्यावर उभे करा. कमान दिसली तर बहुधा काळजी नाही, आणि त्यासाठी खास महागडे बूटही नकोत, त्यांनी कमान घडत नाही. मात्र पोर लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल, एकच पाऊल वेगळे दिसत असेल किंवा तीन वर्षांनंतरही सतत चवड्यांवरच चालत असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने दिरांना सरळ सांगावे : "भाऊजी, बूट सुंदर आहेत, पण बाळाचा पाय अजून कोवळा आहे. दुकानदार बदलून देत असेल तर एक हलका लहान चेंडू आणि थोरलीसाठी सपाट तळाचे बूट आणा." मन मोडणार नाही, उलट कामाचे काय ते कळल्याने त्यांनाही बरे वाटेल. सासूबाईंना हीर लावून दाखवावी, जुन्या माणसांना डोळ्यांनी पाहिलेले पटते. बदलून मिळाले नाहीत तर बूट पोराच्या मापाला येईपर्यंत ठेवावेत का? दोन नंबर वाढायला पोराला फार दिवस लागणार नाहीत, पण तेव्हाही ते जेमतेम चार वर्षांचे असेल. खर्च झालेले पैसे पायात घातल्याने परत येत नाहीत. आणि थोरलीकडे लक्ष द्यावे. सहाव्या वर्षी धसकटांत धावणारी तीच आहे, आधी गरज तिची आहे.

शेवटी एक विनंती. लशींच्या कार्डाच्या मागे मुलांची नावे, तारीख आणि पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मापा. बाजारात जाणारा घरातला कोणीही असो, त्याच्या हाती तो आकडा आणि हीर द्या, म्हणजे बूट अंदाजाने येणार नाही.